एका रिंगपुरता फोन

मित्रांनो, मी बटणांचा एक जुना फोन आहे. माझ्या पाठीचं झाकण रबरबँडने बांधलेलं आहे आणि पाचाचा आकडा झिजून गेला आहे. माझ्यासारखा एखादा तुमच्याही घरात कुठल्यातरी खणात पडला असेल. मी मात्र स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीला टेकून उभा असतो. ही जागा मला बाईंनी दिली. बाई म्हणजे माझी मालकीण. त्या आता नाहीत.

बाई घरी पडदे शिवून द्यायच्या. मालक बाटल्यांच्या कारखान्यात जायचे, अजूनही जातात. उजेडासमोर बाटली फिरवून बघायची, तडा दिसला की बाजूला काढायची, हे त्यांचं काम.

मी या घरात आलो तेव्हा फोनवर बोलणं महाग होतं. मिनिट भरत आलं की लोक वाक्य अर्धं तोडून फोन ठेवायचे. म्हणून दोघांनी एक युक्ती काढली. कारखान्याच्या फाटकातून मालकांनी आपल्या फोनवरून एक रिंग द्यायची आणि कापायची, म्हणजे 'निघालो'. दोनदा दिली की 'उशीर होईल'. सकाळी भांडण झालं असेल तर दुपारी तीनदा, म्हणजे 'माझा राग गेला'. त्यावर बाई उलट एक रिंग द्यायच्या, 'माझा नाही गेला'. दुसरा महिना लागायच्या आत मलाही सगळं पाठ झालं. फोन उचलायचा मात्र कधीच नाही. उचलला की पैसे.

एकदाच गफलत झाली. बाईंचा ओला अंगठा माझ्या हिरव्या बटणावर पडला. तिकडून मालक ओरडले, "अगं, ठेव, ठेव!" इकडून बाई ओरडल्या, "अहो, तुम्ही ठेवा आधी!" आणि दोघांनी एकदमच ठेवला. संध्याकाळी हसून हसून दोघांची पुरेवाट झाली.

"लेकीला सांगू नका हं," बाई म्हणाल्या. "म्हणेल, आईबापांचं प्रेम बघा, ठेव ठेव!"

मित्रांनो, माझ्यातून ती दोघं एकमेकांशी बोलली ती एवढीच.

लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. ती फोन करायची आणि बाई म्हणायच्या, "बरी आहेस ना? ठेव मग." ती चिडायची, "आई, आता बोलायला पैसे पडत नाहीत गं!" बाई म्हणायच्या, "तुझा मोठा फोन आहे बाई. आमचा बटणांचा." त्यांची समजूत अशी होती, की स्वस्ताई महागड्या फोनवाल्यांसाठीच असते.

दर महिन्याला बाई माझा प्लॅन भरायला कोपऱ्यावरच्या दुकानात जायच्या. दुकानदार विचारायचा, "नेहमीचाच ना?" बाई म्हणायच्या, "नेहमीचाच." त्या नेहमीच्यात काय काय येतं, हे त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

मग एका सकाळी बाई शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेल्या. पडद्याची एकच बाजू शिवून झाली होती. मशीनचं चाक थांबलं आणि बाईंचं डोकं कापडावर टेकलं. मी फळीवरून बघत होतो. वाजायचं कसं हे मला येत होतं, पण कुणी वाजवल्याशिवाय मला वाजता येत नाही.

मालक पुन्हा कामावर जाऊ लागले त्या दिवशी संध्याकाळी मी वाजलो. एकच रिंग. मी दचकलो. घरात चिटपाखरू नव्हतं. मी कुणासाठी वाजलो? थोड्या वेळाने कुलूप उघडलं, मालक आत आले. त्यांनी मला सदऱ्याला पुसलं, चार्जिंगला लावलं आणि जागेवर ठेवलं. मग हे रोजचंच झालं.

पुढे माझा प्लॅन संपत आला. भरला नाही तर नंबर बंद होईल आणि पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, असं लेकीनेच सांगितलं. मालकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या फोनवरचं बोलणं सगळ्या घराला कळतं.

"बंद करून टाका, बाबा. उगाच दोन दोन नंबर कशाला पोसायचे? आणि आईचा फोन उचलायला आहे कोण आता?"

"उचलायचा कुठे असतो तो?" मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला खिशात घालून मालक स्वस्त प्लॅन शोधायला निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानात आता चपला विकायला होत्या. पुढच्या दुकानातला माणूस मला बघून म्हणाला, "आजोबा, हा संग्रहालयात द्या, नवीन घ्या." त्याच्या शेजारच्याने सिनेमा, गाणी, इंटरनेट असं बरंच काही ऐकवलं. मालक हात जोडून बाहेर पडले.

बसथांब्याजवळच्या रिचार्जच्या टपरीत एक तरुणी बसली होती.

"सगळ्यात स्वस्त काय आहे, ताई? बोलायचं नाहीये. नुसता वाजला पाहिजे."

"बोलायचं नाही असा प्लॅन नसतो, काका."

"म्हणजे बोलण्याचे पैसे भरावेच लागतात?"

"अहो, बोलणं सगळ्यात येतंच. अगदी स्वस्तातल्या स्वस्तातही. तासन्तास बोला, वेगळं काही पडत नाही."

"या असल्या फोनवर?"

"फोन कुठलाही असू दे हो."

"हे कधीपासून?"

ती हसली. "कधीपासून काय! माझं लग्न व्हायच्या आधीपासून. आता माझा मोठा शाळेत जातो." मग तिने माझा नंबर टाकून बघितला. "तुमच्या या नंबरावरही होतंच की. दर महिन्याला भरलेलं दिसतंय. वापरलं नाहीत वाटतं?"

मालकांच्या हाताला इतकी वर्षं बाटली धरायची सवय. त्या हातातून मी निसटलो आणि फळकुटावर आपटलो. मला लागलंही नाही, मी इतका सुन्न झालो होतो. अहो, बोलणं माझ्याच पोटात होतं! महिन्यामागून महिने भरत होतं आणि न वापरता संपत होतं. मी फोन, आणि मलाच पत्ता नव्हता!

"काका, काय झालं? पाणी देऊ?"

"आम्ही..." मालक म्हणाले. त्यांनी मला उचलून सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "टाका. सगळ्यात स्वस्तातला."

ते बसथांब्यावर जाऊन बसले. एक बस गेली, दुसरी गेली. मग त्यांनी मला बाहेर काढलं, लेकीचा नंबर लावला आणि कानाला धरलं. एक रिंग झाली. त्यांचा अंगठा लाल बटणाकडे गेला आणि तिथेच थबकला. मी वाजू दिलं. रिंग होत राहिली.

पलीकडे फोन उचलला गेला, पण आवाज आला नाही. नुसता श्वास. मग अगदी हळू, "आई?"

तिच्या फोनवर माझं नाव 'आई' आहे, हे ना मालकांच्या लक्षात आलं होतं ना माझ्या.

"मी आहे गं, मी. तुझा बाप."

"बाबा! जीव गेला असता माझा! असं करतात का?" ती रडायला लागली, मग रागावली, मग म्हणाली, "काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"बरं नाही," मालक म्हणाले. "बोलायला फोन केलाय. वेळ आहे का तुला?"

"बोला ना, बाबा."

आणि ते बोलले. बाई कशा गेल्या, ते तिला कधी नीट सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. घरात भांडं पडलं तरी कसं दचकायला होतं, ते सांगितलं. ती मध्ये मध्ये "हं" म्हणत होती. बोलता बोलता मी तापलो. इतक्या वर्षांत मी कधी गरम झालो नव्हतो.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. स्वस्त प्लॅन शोधा, जरूर शोधा, पण आपण आधीच काय भरतोय ते एकदा विचारा. आणि मला जपून फळीवर ठेवू नका. मला झिजवा. ज्याच्याशी बोलायचं आहे तो पलीकडे आहे तोवर मला कानाशी तापू द्या.