तिसरीत मी वाढले नाही

आजी शहाऐंशीव्या वर्षी गेली तेव्हा दुकानात एकच काम बाकी होतं: बँडमास्तरांचा कोट. मापं घेऊन झाली होती, कापड बेतायचं राहिलं होतं. मास्तर बँड घेऊन दौऱ्यावर होते. ते शनिवारी दुपारी परतणार आणि संध्याकाळी त्यांचा निवृत्तीचा कार्यक्रम. किरमिजी कापड बरोबर एका कोटापुरतं होतं आणि तसलं आता मिळत नाही.

आमच्याकडे बेतायची आजी आणि शिवायची आई. तीस वर्षं हीच वाटणी. आईनं कोऱ्या कापडाला कधी कात्री लावली नव्हती.

"हा कोट जमला तर दुकान चालवीन," आई म्हणाली. "नाही जमला तर कुलूप." आई असं उगाच बोलत नाही.

आजी चौदाव्या वर्षापासून शिवत होती. आजोबा लवकर गेले. मग दवाखान्याचे डगले, शाळेचे गणवेश, पडदे, जे येईल ते तिनं शिवलं आणि आईला नि मामाला शिकवलं. कॉलेजात असताना मी तिच्या पायाच्या हालचाली मोजून तिला सांगितलं होतं, की मशीन चालवता चालवता तू पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारल्यास. तोंडातल्या टाचण्यांमधून ती म्हणाली, "दोन्ही मीच का मारायच्या? एक तू मार. आधी हे बटण लाव."

तर मापांच्या वहीत आजीच्या अक्षरात होतं: मास्तर, कंबर अडतीस. आईनं नव्या टेपेनं वर्तमानपत्रावर कोट आखला, कापला, टाचला आणि समोर धरला.

"यात मास्तर मावतील?"

"श्वास सोडून मावतील," मी म्हटलं.

"मग बिगुल कशानं वाजवतील?"

आईनं फोन लावला. मास्तर पलीकडून गरजले, "ताई, चौदा वर्षं अडतीस आहे! मावशींच्या टेपेवर! विचारा हवं तर कुणालाही!"

मावशींची टेप. ती कायम आजीच्या गळ्यात असायची. दवाखान्यातून आजीचे कपडे परत आले, टेप आली नाही. म्हणजे चूक टेपेत होती की नाही, हे तपासायला टेपच नव्हती. मग त्या टेपेनं मोजलेलं आणि अजून जागेवर असलेलं काहीतरी हवं होतं.

ते दुकानाच्या दाराच्या चौकटीवर होतं. दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी आजी मला तिथं उभी करून माझी उंची मोजायची. पेन्सिलची रेघ, शेजारी इयत्ता आणि आकडा. मी स्टीलची पट्टी घेऊन खालपासून मोजत गेले. पहिली: पंचेचाळीस, बरोबर. दुसरी: सत्तेचाळीस, बरोबर. तिसरी: सत्तेचाळीस.

हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिसरीत मी वाढले नाही. आईनं वर्षभर दोन वेळा दूध आणि रोज सकाळी एक अंडं माझ्या घशाखाली उतरवलं. मामा तेव्हापासून मला बोन्साय म्हणतो.

पण तिसरीची रेघ दुसरीच्या रेघेच्या दोन इंच वर होती. सगळ्यांनी आकडा वाचला, रेघ कुणीच पाहिली नाही. मीसुद्धा.

तिथून दहावीपर्यंत प्रत्येक आकडा पट्टीपेक्षा दोननं कमी. टेप ताणली असती तर उंचीबरोबर चूकही वाढली असती. ती वाढत नव्हती. "आई, तिसरीच्या वर्षी टेपेच्या शून्याच्या टोकाला काही जोडलं होतं का?"

"रिबीन!" आई ओरडली. "करड्या रंगाची. मला वाटलं, टोक विरलं म्हणून लावली." मग ती हळूच स्टुलावर बसली. "थांब. त्याच वर्षी मास्तर कंबरेला चाळीस भरले. रुसले. 'मावशी, तुमची टेप चुकते' म्हणून तसेच निघाले. आई म्हणाली, उद्या या, बघते. दुसऱ्या दिवशी अडतीस! खूश होऊन दोन कोट शिवायला टाकून गेले."

"आणि तिनं कापड बेतलं कसं?"

"लाकडी पट्टीनं. दोन मिळवून. मनातल्या मनात."

"मग माझी उंची?"

आईनं चौकटीवरच्या त्या दोन रेघांवर बोटं ठेवली. एवढं अंतर बघून आजीच्या लक्षात आलं नसेल, हे शक्यच नव्हतं. आईला आधी हसू फुटलं. "गप्प बसली गं! मी दुधाचे पेले घेऊन तुझ्यामागे धावतेय आणि ही समोर बसून काजं करतेय! गुपित फुटू नये म्हणून नातीला बुटकी ठरवलं!"

"तुझ्या दुधानं मी पुढच्या वर्षी दोन इंच वाढलेही."

"मग? म्हातारीनं माझा मान राखला."

डोळे पुसून आईनं किरमिजी कापड टेबलावर पसरलं, प्रत्येक आकड्यात दोन मिळवले आणि खडूनं रेघा मारल्या. कात्री हातात घेऊन ती क्षणभर थांबली. मग कर्रकर्र आवाज सुरू झाला तो पार शेवटपर्यंत.

शनिवारी मास्तरांनी कोट चढवला, सगळी बटणं लावली, छाती भरून श्वास घेतला आणि दुकानातच बिगुल असा फुंकला, की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. एकही टाका हलला नाही.

"ताई, खरं सांगा. अजून अडतीसच ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईची टाच माझ्या पायावर पडली. "अडतीस म्हणजे अडतीस, मास्तर."

ते गेल्यावर आईनं गळ्यातली नवी टेप काढली, सुईत दोरा ओवला आणि माझ्यापुढे करड्या रिबिनीचं भेंडोळं सरकवलं.

"मोजून दे. दोनच हं."

मी स्टीलच्या पट्टीनं मोजून दिली.