जिनवाडीतलं घोरणारं चर्च

महान प्रार्थनास्थळं श्रद्धेच्या पायावर उभी राहतात आणि शतकं त्यांच्यापुढे माथा टेकतात. अनसिंगजवळच्या आमच्या जिनवाडीचं चर्च साहेबाच्या गैरसमजावर उभं आहे, आणि त्याच्यापुढे थांबतात त्या फक्त शेळ्या. तेही आवाराची भिंत उंच आहे म्हणून.

साहेबाची इथं कापसाची जिनिंग मिल होती. एकशे दहा वर्षांपूर्वी त्यानं कामगारांसाठी चर्च बांधलं. नकाशा विलायतेतून आला, त्यामुळे छप्पर उतरतं. बर्फ घसरून पडावा म्हणून. आमच्याकडे बर्फ येतो तो लग्नाच्या सरबतापुरता. शिवाय कामगारांत ख्रिश्चन एकही नव्हता. हे साहेबाला कोणी सांगितलं नाही, कारण त्यानं कोणाला विचारलंच नाही.

मिल गेली, साहेब गेला. यंदा सरपंच लालसिंग यांनी चर्च पाडून सभागृह बांधायचं ठरवलं. चर्चशेजारच्या प्रयागबाईंनी विरोधात सात अर्ज दिले. शेवटी पाहणीला वारसा समितीच्या वैजयंती मॅडम आल्या. पायऱ्यांवर प्रयागबाईंच्या कुरड्या वाळत होत्या. त्या ओलांडून मॅडम आत गेल्या.

"इथं प्रार्थनेला कोणी यायचं का?"

"कोनी? सारी मिल ये!" किल्ली सांभाळणारे रहमतुल्लाचाचा म्हणाले. "आइतवारी चर्चात नाई आला त्याले मशीन पुसा लागे. माया आजा घंटा वाजवे, का सारे येऊन झोपत."

"झोपत?"

"पादरीले वाटे, डोये मिटून ध्यान करून राह्यले."

"मायी सासू त घोरे," प्रयागबाई म्हणाल्या. "पादरी म्हने, आमेन."

लालसिंग उसळले, "मॅडम, ह्या झोपायच्या खोलीले काहून वाचवता?"

मॅडमनी मात्र वहीत लिहिलं: 'कामगारांच्या विश्रांतीची दुर्मिळ वास्तू.' मग जाहीर केलं, "चर्च पाडायचं नाही. आजपासून फाटकाला सरकारी कुलूप. आत कोणालाही प्रवेश नाही."

टाळ्या झाल्या. लालसिंगांनी सभागृहाचा नकाशा गुंडाळून काखेत मारला. प्रयागबाईंचा चेहरा तेवढा उतरला.

"आता काय झालं, बाई?" मॅडमनी विचारलं. "तुमच्यामुळेच तर वाचलं."

"वाचलं, बेस झालं," प्रयागबाई पायऱ्यांकडे पाहत म्हणाल्या. "पन मॅडम, कुलूप दोन दिवसानं लावजा. खालच्या बाजूनं कुरड्या अजून वल्ल्याच हायेत."