शंकेचा तांबडा किडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर किडेमहाराज एका बाईच्या कानाला पितळी नळी लावून बसले होते. मग त्यांनी नळी गरम पाण्याच्या वाडग्यावर धरून फुंकली आणि पाण्यात पांढरा किडा वळवळू लागला.

"हा दुःखाचा. नवरा गेला की डाव्या कानातून शिरतो," महाराज म्हणाले. "भांडणाचा उजव्या कानातून. त्याला दोन तोंडं असतात, म्हणून कुणीच माघार घेत नाही."

लोकांनी हात जोडले. माझा दादाही रांगेत होता.

दादा कुलपं दुरुस्त करतो, पण स्वतःच्या दुकानाचं कुलूप लागलंय यावर त्याचा विश्वास बसत नसे. लावायचा, ओढून बघायचा, चार पावलं जायचा आणि परत यायचा. चाळीस-चाळीस वेळा. एकदा त्यापायी लेकीला शाळेतून आणायला तीन तास उशीर झाला. पोर फाटकाशी रडून रडून झोपली होती. त्या दिवसापासून दादा आरशात बघेनासा झाला.

त्याचा किडा तांबडा निघाला. "शंकेचा. राणी आहे," महाराज म्हणाले. दोन दिवस दादा एकदाच कुलूप लावून घरी आला. तिसऱ्या दिवशी त्याने ते एक्कावन्न वेळा ओढलं.

"राणीनं अंडी घातली होती," महाराजांनी खुलासा केला. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता, आणि घाबरलं की अंडी फुटतात."

आणखी तीनदा किडे निघाले. नवे शिरू नयेत म्हणून दादा कानात बोळे घालून बसू लागला. गिऱ्हाइकं ओरडून ओरडून दमली.

पाचव्या खेपेला वहिनी सोबत आली. ती शाळेचे गणवेश शिवते. किडा पाण्यात पडताच तिने तो चिमटीत उचलून ताणला. तो वीतभर लांब झाला.

"माई, चावेल तो," महाराज म्हणाले.

"इलॅस्टिक चावत नाही," वहिनी म्हणाली. तिने त्याला पीळ देऊन पुन्हा पाण्यात सोडलं. ते पुन्हा वळवळलं. "पीळ द्यायचा, डिंकात वाळवायचं. गरम पाण्यात डिंक सुटला की पीळ उलगडतो."

मग तिने नळी उलटी करून आपटली. आतून आणखी चार किडे पडले, रंगवून तयार. पुढच्या चौघांचे आजार त्यांना बघण्याआधीच ठरले होते.

"नास्तिकाचा हात लागला की किड्याचं इलॅस्टिक होतं," महाराज म्हणाले. दोघा-तिघांनी मानाही डोलावल्या. एकाने विचारलं, "यातला माझा कोणता?" तेवढ्यात महाराज मागच्या दाराने सटकले.

पहिल्या दिवशीची ती विधवा बाईही त्या दिवशी पुन्हा आली होती. "मग मला दोन दिवस बरं वाटलं, ते खोटं?"

तेच विचारायला वहिनी त्या बाईला आणि दादाला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार तज्ज्ञ बाईंकडे गेली.

"बरं वाटलं ते खरंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आशेनं माणूस चार दिवस सावरतो. आजार तेवढ्यानं जात नाही."

दादाला त्यांनी सांगितलं, कुलूप एकदाच ओढायचं आणि निघायचं. जीव कासावीस झाला तरी परत फिरायचं नाही. ती घालमेल आपोआप उतरते, हे शरीराला शिकवायचं. पहिल्या दिवशी दादा कोपऱ्यावर उभा राहून कुलपाकडेच बघत होता. दवाखान्यातला समुपदेशक त्याच्याशेजारी नुसता उभा राहिला. चौदा आठवड्यांनी चाळीसचे तीन झाले.

"मग मलाही असंच काही करायला लावणार?" त्या बाईने विचारलं.

"नाही. तुमचं माणूस गेलंय. तुम्ही दर आठवड्याला या आणि त्यांच्याबद्दल बोला."

ती तासभर बोलली, त्यातला अर्धा तास रडली. शेजारचं भांडकुदळ जोडपं ऐकून आलं, तर डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकत्र बसवलं आणि एक बोलत असताना दुसऱ्याने नुसतं ऐकायचं, असा नियम घातला. म्हणे सर्वांत अवघड उपचार तोच.

मन आजारी पडतं, त्यात लाज कसली? दुखणं वेगळं तसा उपचार वेगळा, आणि त्याला वेळ लागतो. फक्त उपचार करणाऱ्याला आधी विचारा: तुम्ही काय करणार, कशासाठी, किती दिवस, आणि गुण आला नाही तर पुढे काय? ज्याला आपलं काम येतं, तो या प्रश्नांनी चिडत नाही.