दुसरं बोलावणं

सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, पांढऱ्या मातीची एक लहानशी खाण होती. माती धुऊन उरलेला पातळ गाळ मातीच्या बांधामागे साठवत, आणि बांधाच्या बरोबर खाली मजुरांची वस्ती. पानशेतचं धरण फुटून अजून वर्ष झालं नव्हतं. जिल्ह्याच्या साहेबांनी बजावलं होतं, ‘बांध फुटला तर सगळी वस्ती अर्ध्या तासात टेकडीवर पोचते, हे मला दाखवा. नाहीतर पावसाळाभर खाण बंद.’

खाण बंद म्हणजे वस्तीतल्या चुली बंद.

हे काम खाणीचे कारकून भालचंद्रपंत यांच्या गळ्यात पडलं. पंत पुस्तकात रमणारे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते वहीआड तोंड लपवत. त्यांनी हातानं फिरवायचा भोंगा आणवला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आता कुणाच्या दारात जाऊन बोलायला नको! दवंडी दिली, ‘भोंगा वाजला की सगळ्यांनी टेकडीवर जावं.’

साहेब येण्याआधी रंगीत तालीम झाली. पंतांनी घामाघूम होईस्तोवर भोंगा फिरवला. टेकडीवर पाहिलं तर एक शेळी. तीही आधीपासून तिथंच चरत होती.

धावत ते वस्तीत गेले. सगळे धुतले कपडे घालून, हातात पाण्याचे लोटे घेऊन आपापल्या ओट्यावर बसलेले.

“जनकाबाई, भोंगा ऐकला नाही का?”

“आयकला नं बाबूजी! कान फुटले.”

“मग काऊन...” पंतांच्या तोंडून वऱ्हाडीच निघाली. “मग आला का नाहीत?”

“दवंडी झाली ते पयलं आवतन. पन मंग पानं वाढल्यावर दुसऱ्यांदा बलावाले कोनी आलं का? बलावल्याबिगर पंगतीले जाते का मानूस? लोक म्हनतीन, टपूनच बसली होती!”

“अहो, पंगत कसली! गाळ येणार आहे, गाळ!”

“गाळ येते बिनबलावता,” समोरच्या ओट्यावरून शेषराव म्हणाला. “आमी तसे नाही.”

सगळी गल्ली हसली. पंतांचे कान लाल झाले. खरं तर दारोदार जाणं टाळायलाच त्यांनी भोंगा आणला होता, आणि आता दारोदार जावंच लागलं. अडखळत, प्रत्येक घरी चहा घेत त्यांनी समजावलं : एका घरानं दुसऱ्याला हाक मारायची आणि लगेच निघायचं.

“मी त्या शेषरावाच्या घरात पाय ठेवत नाही,” जनकाबाई म्हणाल्या.

“पाय नका ठेवू. बाहेरून ओरडा.”

“ते जमते. आन् मले कोन बलावते?”

“मी. भोंगा म्हणजे माझंच बोलावणं समजा.”

साहेब आले, घड्याळ काढून टेकडीवर उभे राहिले. पंतांनी बांधाखालच्या कचेरीतून भोंगा फिरवला. “चाल बे शेषराव!” ही जनकाबाईंची आरोळी भोंग्याच्या वर ऐकू आली, आणि हाकेमागून हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली. बघता बघता ओटे रिकामे झाले. पंतांचे डोळे भरून आले. अजून कुणी राहिलं असेल, अशी शंका येऊन ते भोंगा फिरवतच राहिले.

इतक्यात जनकाबाई धापा टाकत दारात. मागे शेषराव.

“काय, कोणी राहिलं का?” पंत घाबरले.

“तुमीच राह्यले नं! साहेब इचारून राह्यले, तो वाजवनारा गाळातच बसते काय? चाला!”

योजना आखताना स्वतःला पंत साफ विसरले होते. दोघांनी त्यांना दंडाला धरून टेकडीवर पळवलं. साहेबांनी घड्याळ मिटलं. “वेळेत आलात. पण बांध फुटल्यावर असं कुणी खाली परतायचं नाही. भोंगा इथं वर आणा, मग खाण चालू ठेवा.”

वस्तीनं एकच गलका केला. आलोच आहोत तर म्हणून बायांनी भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. पळसाची पानं मांडली गेली. लग्नाकार्याचं आवतन पंतांनाही दरवेळी येई, पण लाजेपायी ते कधी गेले नव्हते. आताही ते बाजूला उभेच.

“बसा बाबूजी,” शेषराव सरकून जागा करत म्हणाला. “का तिसरं बलावनं पाह्यजे?”

पंत बसले.