सुलाबाईचा पैरा

आमच्या गावात हळद काढायला मजूर लावायची रीतच न्हवती. आज माझ्या रानात सगळ्या जणी, उद्या तुझ्या, परवा तिसरीच्या. ह्याला आमी पैरा म्हणतो. तू माझ्याकडं राबलीस, आता मी तुझ्याकडं राबून पैरा फेडणार, मिटलं. भाकरी जिची तिनं बांधून आणायची, कालवण मातर जिचं रान तिनं करायचं, आन् ते पातळ झालं तर वरीसभर टोमणे खायाचे.

आता ह्यात सुलाबाई कशी बसायची ते सांगते. माझ्या बांधाला तिचं अर्धा एकर रान. दादला कवाच गेला, मूलबाळ न्हाई. सत्तरी वलांडलेली, उजवा हात मनगटात मोडून वाकडाच बसलेला. आमी जायचो आन् बघता बघता तिची हळद भुईतनं वर काढायचो. ती पैरा फेडायला यायची तवा सरीच्या कडंला बसून गड्ड्यांची माती झाडायची, हळकुंडं मोडायची, आन् तोंडाचा पट्टा चालू! कुणाची सून कशी, कुणाच्या चुलीवर काय शिजलं. हसून हसून पोटात दुखायचं. तिचं काम किती झालं ते कुणी बघितलंच न्हाई. बघायचं कशाला? ती आली, पैरा फिटला.

मग आला ह्यो न्याय्य व्यापार. माझा ल्योक यशराज मिल्ट्रीतनं पेन्शनीवर आला आन् त्यानं गावातल्या लहान शेतकऱ्यांचा गट बांधला. सुलाबाईलाबी घेतलं. मधी दलाल न्हाई, हळद मलकापूरच्या गोडाऊनातनं थेट परदेशी जाणार, आन् पिशवीवर शिक्का असणार की ही पिकवताना कुणाची पिळवणूक झाली न्हाई. ऐकायला लय ग्वाड वाटलं.

तपासणीला सांगलीची क्षमाताई आली. पोरगी चांगली हो. चप्पल काढून सरीत उतरली, आमच्यासंगं बसून भाकरी खाल्ली. जेवता जेवता तिनं सहज इचारलं, "आजी, तुम्हाला इथं रोज किती मिळतो?"

सुलाबाई उसळलीच. "रोज? आवं, मी काय परकी हाय व्हय? हितं कुणी कुणाचा पैसा घेत न्हाई. आमच्यात तसलं न्हाईच!" छाती फुगवून सांगितलं. आन् आमी सगळ्या शाण्या, व्हय व्हय म्हणून माना डोलावतोय.

क्षमाताईचा घास हातातच ऱ्हायला. यशराजला बाजूला घेऊन म्हणाली, "जो राबला त्याला मजुरी मिळालीच पाहिजे, हा पहिला नियम आहे. नाहीतर शिक्का देणाऱ्यांच्या लेखी ही वेठबिगारी."

"वेठ कसली, ताई? ही उद्या तिच्या रानात जाणार, ती हिच्या."

"मला कळतं हो. माझ्या आजोळीही असंच होतं. पण त्यांना एवढंच दिसणार, की एक म्हातारी मोडक्या हातानं फुकट राबते. एका रानात जरी असं सापडलं तरी सगळ्या गटाचा माल परत येईल."

वेठ म्हणं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करता काय? सगळ्या गावाची हळद त्या गाडीत जाणार हुती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

यशराज म्हणाला, "आये, सोपं हाय. तू सुलाक्काला रोज द्यायचा, तिनं तुला द्यायचा. फरक काय पडतोय?"

मलाबी तसंच वाटलं. पण बाबांनो, रोज द्यायचा म्हटल्यावर माणसाला डोळं फुटत्यात. कोण किती सऱ्या उरकतंय, कोण पाणी प्यायला कितींदा उठतंय, सगळं दिसाया लागलं. ज्या बाया काल गळ्यात गळं घालून भाकरी खात हुत्या त्याच तरण्याताठ्या मजुरांची टोळी वडूजकडनं घेऊन आल्या. आन् सुलाबाईला? एकीनंबी बोलावलं न्हाई.

मी हट्टानं तिला टोळीसंगं माझ्या रानात लावली. दुपारपतुर बरं चाललं. मग टोळीतली एक बाई मोठ्यानं बोलली, "ह्या म्हातारीलाबी आमच्याएवढाच रोज व्हय?"

चूक तिची न्हवती, पाठ मोडस्तवर काम करत हुती बिचारी. अर्धा रोज द्यावा तर तेबी नियमात न्हाई. सुलाबाईनं हातातलं हळकुंड खाली ठेवलं, लुगड्याची माती झाडली आन् उठली. यशराज पैसं घेऊन मागं पळाला, तर तिनं हात पदराखाली घेतला.

बाकी सगळ्यांची हळद निघाली. तिचं रान तसंच. पाला वाळून पडला, भुई टणक व्हायला लागली. यशराज म्हणाला, मी माझ्या पैशानं टोळी लावतो. तिनं न्हाई म्हटलं, आन् गटातनं आपलं नाव काढून घेतलं.

मला तर आनंदच झाला! गटात न्हाई म्हंजी तिच्या रानाला कसला नियम? सकाळी उठल्या उठल्या कुदळ घेतली आन् तिच्या बांधावर गेले. म्हटलं, "आक्का, सरक. आज मी खांदते, उद्या बाकीच्यांना आणते."

ती खाली बसून खुरप्यानं उकरत हुती. वर न बघता म्हणाली, "तुमच्या रानात मला आता उतरता येतंय का गं?"

आमी अजून गटातच, बिनरोजाचं कुणी राबताना सापडलं की सगळ्यांचा माल परत. ते कुठं येतंय?

"मग तुझा पैरा मी कुठं फेडू?"

"नको फेडूस की! तुझ्याकडं मागतंय कोण?"

तवा तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. राग असता तर मी भांडले असते, रडले असते, पाय धरले असते.

"मग ती भीक झाली गं, राहे," ती म्हणाली. "आजवर कुणाची घेतली न्हाई. तू जा घरला."

आन् परत उकराया लागली. मोडक्या हातानं खुरपं नीट बसत न्हवतं, एका गड्ड्याला किती येळ लागत हुता. मी कुदळ घेऊन बांधावर उभी. माझ्या अंगात सबंध रान खांदायची ताकद हुती, आन् मला बांध उतरता येत न्हवता.