गाडीत माणूस आहे

भाड्याच्या गाडीत पाऊल टाकताक्षणी मेट्रनबाई थबकल्या. आरशाला टांगलेल्या पुडीतून गोडमिट्ट वास सुटला होता आणि त्याच्याखाली आधीच्या कुणाकुणाचा घाम, तळणीचं तेल आणि ओलं कापड असा दुसरा वास दबा धरून बसला होता. बाईंचं उभं आयुष्य इस्पितळात गेलेलं. उघड्या घाणीचं त्यांना काही वाटत नसे, ती दिसते आणि पुसता येते. झाकलेल्या घाणीची मात्र त्यांना मनस्वी चीड होती. त्यांनी नाकाला पदर लावला.

बाहेर त्यांचे चिरंजीव गुडघ्यांवर बसून गाडीचं अंग तपासत होते. एकेका ओरखड्यावर बोट फिरवायचं, फोननं त्याचा फोटो काढायचा, मग पुढे सरकायचं. "परत देताना एक ओरखडा जास्त निघाला ना, की आपल्या माथी मारतात हे लोक," तो बायकोला म्हणाला. गाडी देणाऱ्या माणसानं किल्ली हातात ठेवताना बजावलं की आत कुणी असताना कुलूप लावू नका. आतून दार उघडलं की गाडी बोंब मारते. चिरंजिवांनी मान डोलावली आणि ते पुन्हा बंपरकडे वळले.

गाडीवरून आदल्या संध्याकाळीच खडाजंगी झाली होती. परदेशातल्या त्या गावी उतरल्यावर हॉटेलातल्या मुलीनं खोलीच्या किल्लीबरोबर तिघांना तीन कार्डं दिली होती. मुक्काम आहे तोवर गावातली कुठलीही बस, कुठलीही ट्राम, खुशाल चढा. सुनेचा चेहरा फुलला होता. खोलीत आल्यावर बाई खिडकीशी गेल्या, तर खालून एक दुमजली बस चालली होती. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी, त्यांच्याच वयाच्या दोन म्हाताऱ्या पाय लांब करून ऐसपैस बसल्या होत्या.

"मला तिथं बसायचंय," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मुलाकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

"बसमध्ये काय बघायचंय, आई? थांबे शोधा, ताटकळत राहा, परक्या लोकांत उभे राहा."

"अरे, सगळे जातातच की इथे बसनं," सून म्हणाली. "आणि कार्डं फुकटात मिळालीत."

"आईचे गुडघे बघ. तिच्यासाठीच घेतोय ना गाडी! मला काय हौस आहे उलट्या बाजूनं गाडी हाकायची?"

गुडघ्यांचं नाव निघाल्यावर कोण काय बोलणार? बाई हॉटेलचे दोन जिने चढून आल्या होत्या आणि सामानही त्यांनीच ओढलं होतं, पण पोरगा आपली काळजी करतोय म्हटल्यावर त्यांना भरून आलं. त्या म्हणाल्या, "चालेल." कार्ड तेवढं त्यांनी बटव्यात नीट ठेवून दिलं.

पहिल्या दिवशी ते जुन्या किल्ल्यावर गेले. गाडी लावायला कुठं तसूभर जागा नव्हती. घिरट्या घालून वैतागलेल्या चिरंजिवांनी शेवटी मनाईच्या पट्ट्यावरच गाडी उभी केली. "आई, तू जरा बस, आम्ही तिकिटांचं बघून येतो." ते दोघं गेले आणि पिवळं जाकीट घातलेला दंडवाला आला. वाकून त्यानं आत पाहिलं. मागच्या सीटवर एक म्हातारी. चालक इथंच कुठेतरी असणार असं वाटून तो पुढच्या गाडीकडे गेला आणि तिच्या काचेवर कागद खोचून मोकळा झाला.

चिरंजिवांनी हे लांबून पाहिलं आणि ते हुरळूनच गेले. "आई, तू तर कमाल केलीस! गाडीत माणूस असलं की हे लोक हात लावत नाहीत!" त्यानं बाईंच्या गालाला हात लावला. त्या हाताला चिप्सचं तेल होतं.

झालं, तेव्हापासून बाईंची नेमणूक झाली. राजवाडा बघायचा, बाई गाडीत. बाजार बघायचा, बाई गाडीत. निघताना काच दोन बोटं खाली करायची, कुलूप लावायचं आणि बजावायचं, "आतून दार उघडू नकोस हं, बोंबलेल." इस्पितळाच्या फाटकावर जो रखवालदार होता त्याला निदान स्टूल मिळायचं, दुपारचा चहा मिळायचा आणि बदली माणूस यायचा.

गाडीचा तर उकिरडा झाला होता. पायाशी केळीची सालं, दाराच्या खणात चिकट पेले, मागच्या काचेशी चिरंजिवांचे ओले मोजे वाळत घातलेले. बाईंच्या वॉर्डात असं दिसलं असतं तर त्यांनी अख्खी पाळी फैलावर घेतली असती. इथं त्या गुडघे जवळ घेऊन, सालं चुकवून, मोज्यांकडे पाठ करून बसत. पाणी प्यायचंही त्यांनी सोडलं, कारण लागली तर जायचं कुठं आणि कसं? जन्मभर रुग्णांना पाणी पीत नाहीत म्हणून ओरडणाऱ्या बाई आता बाटलीचं झाकणही उघडत नव्हत्या.

सून वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावता तरी आले असते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आई, मी बसते, तुम्ही जाऊन या." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, कंटाळा आला का हो?" त्यानंतर ती नुसतेच फोटो दाखवू लागली. "हे बघा, इथून अख्खं गाव दिसतं. हे कारंजं. हे आम्ही दोघं." बाई मान डोलावत. बोटांचे डाग पडलेल्या फोनच्या त्या काचेवर गाव इकडून तिकडे सरकायचं.

"छान आहे," त्या म्हणत. त्या शब्दाची त्यांना मोज्यांपेक्षा जास्त शिसारी येऊ लागली होती. पोराच्या वागण्याची किळस येत होतीच, पण त्याहून जास्त आपल्या 'चालेल'ची येत होती.

शेवटच्या दिवशी नाश्त्याला त्यांनी कप खाली ठेवला. "उद्या सकाळी विमान आहे. आज मला त्या बसनं जायचंय."

"जाऊ या की!" चिरंजीव तोंडात घास असतानाच म्हणाले. "समुद्राकडे जाऊ, बस तिथंच फिरते. तिथून तुला झक्कास चक्कर मारून आणतो. मग तर खूश?"

बाई खरंच खूश झाल्या. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली.

समुद्राच्या रस्त्यावर ही गर्दी. शेवटी एक जागा सापडली, अर्धी रेषेच्या आत, अर्धी बाहेर. समोरच बसचा थांबा होता. बाईंनी बटवा उघडून कार्ड हातात घेतलं. चिरंजिवांनी गाडीचा मागचा भाग पाहिला, रेषा पाहिली, मग आईकडे पाहिलं.

"आई, जरासं बस. नुसतं आईस्क्रीमच्या रांगेचं बघून येतो. मग जाऊच."

"अरे, आईंना पण घेऊ या ना," सून म्हणाली.

"दंड तू भरणार आहेस का?"

काच दोन बोटं खाली आली, कुलूप वाजलं, पावलं लांब गेली.

उन्हानं सीट तापू लागली. गोड वासाची पुडी तापली, सालं तापली, मोजे तापले. बाईंनी तोंड काचेच्या फटीशी नेलं. तेवढ्यात शेजारी एक गाडी येऊन थांबली. तीतून एक तरुण जोडपं उतरलं. मागच्या सीटवर त्यांचा कुत्रा होता, तपकिरी, लोंबत्या कानांचा. मुलीनं त्याच्यासमोर पाण्याचं भांडं ठेवलं, काच दोन बोटं खाली केली, दार लावलं आणि त्याला हात हलवून टाटा केला. वळताना तिला फटीशी नाक लावून बसलेल्या बाई दिसल्या. ती क्षणभर गोंधळली, मग हसली आणि त्यांनाही टाटा केला.

बाईंनी कुत्र्याच्या काचेकडे पाहिलं. मग आपल्या काचेकडे पाहिलं. फट तेवढीच होती. पाणी तेवढं त्याच्याकडे जास्त होतं.

थोड्याच वेळात ती मुलगी धावत परत आली. "चल रे राजा, फारच तापतंय," अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत तिनं दार उघडलं, पट्टा लावला आणि कुत्र्याला बरोबर घेऊन ती समुद्राकडे गेली. भाषा कळली नाही तरी एवढं बाईंना कळलं.

मग मात्र त्यांनी कार्ड मुठीत घट्ट धरलं. समोर बस येताना दिसत होती, दुमजली, वरची पुढची काच उन्हात चमकत होती. बाईंनी सालं पायानं बाजूला केली, मोजे दोन बोटांत धरून पुढच्या सीटवर फेकले आणि दाराचा खटका ओढला.

गाडीनं अशी काही बोंब ठोकली की रस्ताभर माना वळल्या. बाईंची मान वळली नाही. दार मागे लोटून, निऱ्या सावरत त्या रस्ता ओलांडून गेल्या, चालकाला कार्ड दाखवलं आणि कठडा धरून वर चढल्या. गुडघे कुरकुरले, पण चढले. पुढची जागा रिकामीच होती.

बस निघाली आणि लगेच सिग्नलला थांबली. खाली गाडी अजून बोंबलत होती. चिरंजीव पळत येताना दिसले, एका हातात आईस्क्रीम. मागून सून, तिच्या हातातही एक. तिसरं नव्हतं. बाई काचेला कपाळ टेकवून बघत राहिल्या. आता तो दार उघडेल, मागे बघेल, रस्त्यावर इकडंतिकडं बघेल, हाक मारेल. हाक आली तर उतरावं लागणार होतं.

तो आधी वाकला आणि बंपरवरून हात फिरवला. दारावरून फिरवला. गाडीला पूर्ण वळसा घालून बघितलं. मग पुढच्या काचेवर दंडाचा कागद आहे का ते पाहिलं. नव्हता. त्याचे खांदे सैल पडले. किल्ली दाबून त्यानं बोंब बंद केली, पुन्हा दाबून कुलूप लावलं. मागच्या फटीकडे न बघताच त्यानं हात हलवला, बस गं, आलोच, असा. मग आईस्क्रीम चाटत तो आला तसा परत निघाला आणि बायकोलाही त्यानं हातानंच माघारी वळवलं.

बाईंना रडू आलं नाही. सिग्नल सुटला. त्यांनी चपला काढल्या आणि पाय लांब केले.