मागावरचा झेंडा

पहिला झेंडा मागावरून उतरवताना माल्हानं एक चूक केली होती.

जुरजुराच्या डोंगरातल्या बायकांच्या लेखी माग जिवंत असतो. उभे धागे चढवले की तो जन्मतो, कापड कापून उतरवलं की मरतो. म्हणून कापण्याआधी माणसाला शेवटची आंघोळ घालावी तसं त्यावर पाणी शिंपडायचं, त्याची क्षमा मागायची, आणि त्या वेळी घरात एकही पुरुष ठेवायचा नाही. नाहीतर मागाचं मरण त्याला बाधतं. हे माल्हाला आईनं शिकवलं होतं आणि तिनं ते चाळीस वर्षं पाळलं होतं.

पण जूनमधल्या त्या गुरुवारी तिचा एकुलता एक मुलगा बेलाइद मागाशीच उभा राहिला.

"आई, काप ना लवकर! राजधानीची शेवटची बस जाईल."

"तू आधी अंगणात जा."

"अगं, झेंडा आहे हा, घोंगडी नाही! त्याला कसले आलेत नियम?"

तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिनं सुरी चालवली. पाणी राहिलं, क्षमा राहिली. वर निळा समुद्र, मध्ये हिरवा डोंगर, खाली पिवळी वाळू, आणि मधोमध हात उंचावलेल्या माणसासारखी लाल खूण. बेलाइदनं तो पिशवीत कोंबला आणि उतारावरून धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी, राजधानीतल्या शुक्रवारच्या सरकारविरोधी मोर्च्यात, पोलिसांनी त्याला पकडलं. देशाच्या झेंड्याशेजारी त्यानं हा दुसरा, डोंगरातल्या आपल्या लोकांचा, धरला होता, एवढाच गुन्हा.

"पण हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?" माल्हानं वकिलाला फोनवर विचारलं.

"कुठल्याच नाही, मावशी. चालतो असं लिहिलेलं नाही, चालत नाही असंही नाही. एका कोर्टानं अशाच पोरांना सोडलं, झेंडेसुद्धा परत दिले. आपल्या कोर्टानं सहा महिने दिले."

"आपली भाषा तर सरकारनं मान्य केली. पोरं शाळेत शिकतात. मग झेंड्यानंच काय घोडं मारलंय?"



माल्हाच्या मनात मात्र दोष कोर्टाचा नव्हता. नणंद शाभा ते ऐकून चिडायची.

"वहिनी, त्या दिवशी अठरा पोरं धरली. अठरा जणांच्या आयांनी काय पोरांसमोर माग कापले? बाकीच्यांचे झेंडे बाजारातले होते, चिनी!"

"ज्याची त्याची आई जाणे, वन्सं. मी माझं सांगते."

आणि तिनं मागावर पुन्हा उभे धागे चढवले. हा झेंडा नियमानं उतरवायचा, आणि बेलाइद उंबऱ्याच्या आत यायच्या आधी. मागच्या वेळचं तेवढ्यानंच फिटेल, असं तिनं मनाशी धरलं.

उभ्या मागावर वीण खालून वर जाते, त्यामुळे पिवळा पट्टा भर उन्हाळ्यात झाला. हिरव्याला लागली तेव्हा गच्चीवर अंजिरं सुकत होती. त्यातली मोठी, मऊ ती बरणीत बाजूला काढून ठेवत होती, कारण बेलाइदला तीच आवडत. विणताना तिचा एक कान दाराकडे असायचा. लोखंडी फणीनं धागा ठोकायची, थांबायची, ऐकायची. खालच्या वळणावर बस कण्हत चढायची, थांबायची आणि पुढच्या गावाला निघून जायची. मग पुन्हा फणी.

निळ्याला सुरुवात झाली तेव्हा गावसभेचे प्रमुख अक्लीदादा येऊन बसले.

"माल्हा, विण बाई, पण गच्चीवर लावू नकोस. पोलीस चौकीतून सरळ दिसतं."

"घोंगडी आहे, दादा."

"घोंगडीला असले रंग?"

"म्हातारीची हौस."

दादा हसले, मग हसू विरलं. "दोन वर्षांपूर्वी नव्या वर्षाच्या सणाला आपण हाच चौकात लावला होता. चौकीतला साहेब त्याच्याखाली बसून आपलं कुसकुस खाऊन गेला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं त्यानं!"

"तेव्हा त्याला रंग दिसले नसतील."

"भुकेला दिसत नाहीत," दादा म्हणाले आणि काठी टेकत उठले.

डिसेंबर सरत आला, तेव्हा वकिलाचा फोन आला. "मावशी, उद्या सुटतोय. संध्याकाळपर्यंत पोचेल."

सकाळी गावातले पुरुष ऑलिव्ह झोडायला गेले. माल्हानं दाराला आडणा घातला, शाभानं पाण्याचं भांडं धरलं. कापडावर पाणी शिंपडलं. "आम्हाला क्षमा कर," माल्हा मागाला म्हणाली, आणि एकेक धागा कापू लागली.

अर्धे धागे सुटले होते. दारावर थाप पडली.

"आई!"

शाभानं भांडं खाली ठेवलं. "वहिनी, पहाटेच सोडलं वाटतं! उघडते मी."

"थांबा!" माल्हाचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. अर्धा कापलेला माग तसाच सोडायचा नसतो. "बेलाइद, बाहेरच थांब!"

"काय? अगं, मी आलोय! सुटलो मी!"

"ऐकलं. दारापासून लांब हो. अंगणात, विहिरीपाशी जा."

मग तो म्हणाला, "माग कापतेस का गं?"

"हो."

या वेळी त्यानं नियमांची चेष्टा केली नाही. पावलं विहिरीकडे गेली. खोकला ऐकू आला. हा खोकला नवा होता. जाताना तो खोकत नव्हता.

"थंडी आहे, आई," लांबून आवाज आला, "पण घाई करू नकोस."

तिचे डोळे भरले होते, धागे दिसत नव्हते. तरी ती बोटांनी चाचपत एकेक धागा वेगळा धरत होती, कापत होती. सहा महिने ज्या पावलांसाठी कान दाराला लावले होते, ती वीस हातांवर होती, आणि पुढचा धागा तिनं मागच्याइतकाच सावकाश कापला.

"माझा त्यांनी ठेवून घेतला गं," तो म्हणाला. "परत मागितला, तर म्हणाले जप्त आहे."

शेवटचा धागा सुटला, आणि ओलसर, जड झेंडा माल्हाच्या मांडीवर आला. तिनं तो शाभाच्या हाती दिला, उठली आणि स्वतःच आडणा काढला.

"ये," ती म्हणाली. "आता ये."